रेमोचं पीप

"रविवारी उघडायचं," असं म्हणून सेवेरीनोने पिंपावर बोटाची गाठ वाजवली. आवाज बद्द आला. "काठोकाठ आहे."

ओत्तावियाच्या हातातली मेणबत्ती हलली आणि थोडं मेण तिच्या मनगटावर सांडलं.

पिंपात एक्केचाळीस सालच्या नेब्बिओलो द्राक्षांची लाल वाइन होती. पुढच्याच उन्हाळ्यात त्यांचा एकुलता एक रेमो डोंगरी पलटणीबरोबर रशियाला गेला, आणि बापाने चारचौघांत शपथ घेतली, की पोरगा परत आल्याशिवाय ही वाइन कोणाच्या पेल्यात पडणार नाही. याला आठ वर्षं झाली. गेल्या आठवड्यात सरकारी कागद आला: बेपत्ता, मृत समजावा. पाद्रीबाबा फिर्मीनो म्हणाले, रविवारी प्रार्थना करू आणि पोराची वाइन पोराच्या नावाने गावाला पाजू. याआधी तीनदा त्यांनी हेच सुचवलं होतं आणि तीनदा सेवेरीनोने वाइन पिकली नाही म्हणून टोलवलं होतं. वाइनच्या बाबतीत त्याच्यापुढे बोलायची गावात कोणाची छाती नव्हती. पण सरकारी कागदापुढे त्याचंही काही चालेना.

आता ओत्तावियाची गोष्ट. लढाई संपल्यावर रशियातून एकेक माणूस परतत होता. कोणी आलं असं कळलं की ती या पिंपाच्या तोटीतून सुरईभर वाइन काढायची आणि शालीखाली घेऊन त्याच्या घरी जायची. एकाने रेमोला बर्फात घसरगाडीवर निजलेला पाहिला होता. दुसऱ्याने एका झोपडीत उकडलेला बटाटा खाताना पाहिला होता. तिसऱ्याला पहिल्या पेल्यात काहीच आठवेना, दुसऱ्या पेल्यात मात्र रेमोच्या कोटाची बटणंसुद्धा आठवली. तिने तिघांवरही विश्वास ठेवला.

जेवढी वाइन बाहेर, तेवढे दगड आत. ही युक्ती तिला सासऱ्याने शिकवली होती. पीप थोडं जरी रिकामं राहिलं तरी आत हवा शिरते आणि वाइनचा शिरका होतो. भर घालायला वाइन नसेल तर नदीचे धुतलेले दगड बुचाच्या भोकातून सोडायचे, वाइन आपोआप वर येते. ओत्ताविया तानारो नदीवर धुणं धुवायला जाई, तिथले काळे चपटे दगड परडीत तळाशी घालून आणी.

गेल्या दोन वर्षांत मात्र कोणीच परतलं नव्हतं. तिनेही तोटीला हात लावला नव्हता. तिच्या अंदाजाने पिंपात पाचवा हिस्सा दगड होते.

वाइन पिकली का ते बघायला सेवेरीनो दर शनिवारी बूच काढून काचेच्या नळीने घोटभर वाइन चाखायचा. "अजून हिरड्या आवळतात," म्हणायचा. पूर्वी तो नळी कोपरापर्यंत खाली घाली, हल्ली फक्त टोक बुडवी. म्हातारपणाने वाकवत नसेल, असं म्हणून ती मादोन्ना मातेचे आभार मानी.

बोर्मिदा नदीपलीकडे, पांढऱ्या गोट्यांच्या काठावर एक सातमाशा राहत होता. सातव्या महिन्यात जन्मला म्हणून त्याला नजरेआडचं दिसतं, असं लोक म्हणत. हरवलेल्या माणसाच्या फोटोवर तो दोऱ्याला बांधलेली अंगठी धरी. अंगठी फिरली तर माणूस जिवंत. पैशाला शिवत नसे, वाइन तेवढी घेई. आपण एकदा विचारून येऊ, असं तिने फार पूर्वी सुचवलं होतं.

"ज्याला आठव्या महिन्यापर्यंत धीर धरवला नाही," सेवेरीनो म्हणाला होता, "त्याला रशिया दिसतो होय?"

तो विषय तिथेच संपला. दर मंगळवारी तो हेझलनट विकायला बोर्मिदापलीकडच्या बाजाराला जाई. येताना कोटाचे खिसे फाटलेले असत. खिळे आणले, म्हणे. ती शिवून देई.

रविवारी प्रार्थना झाली. अंगणात लांब टेबलं लागली, मक्याच्या पिठाची पोलेंता वाफाळत होती. चार शेजारी पीप वर आणायला तळघरात उतरले. पीप कलंडलं असतं तर आतले दगड सगळ्या गावाला ऐकू आले असते. ओत्ताविया पिंपासमोर आडवी उभी राहिली.

"हात लावू नका," सेवेरीनोच म्हणाला. "गाळ उठेल. मी इथेच उपसतो. तुम्ही वर जा."

त्याने दार लावून घेतलं. तोटीखाली बादली ठेवली. लाल धार सुरू झाली, तसा तिचा धीर सुटला. ती जमिनीवर बसली आणि तिने सगळं सांगून टाकलं: सुरई, बटाटा, बटणं, परडी. कागद आला तेव्हा तू रडलादेखील नाहीस, तुझ्यासाठी तो मेला असेल, मला तो मारता येत नव्हता, असंही बोलून गेली. नवऱ्याला अरे-तुरे केल्याचं तिच्या ध्यानातही आलं नाही.

सेवेरीनो बादल्या बदलत राहिला.

तिच्या अंदाजाच्या कितीतरी आधी धार तुटली.

ती तोटीकडे बघतच राहिली. त्याने पिंपाला खांदा लावून ते हलवलं. आत दगड घरंगळल्याचा मोठा आवाज झाला. मग त्याने हातोड्याने वरची लोखंडी पट्टी उतरवली आणि झाकणाची फळी उचलली.

ओत्तावियाने मेणबत्ती वर धरली. आतले दगड काठापर्यंत आले होते. तिचे काळे चपटे होते, पण मोजकेच. त्यांच्या दुपटीने पांढरे, गोल, अंड्यांसारखे गोटे होते.

वर अंगणात पाद्रीबाबांनी मृतात्म्यासाठी दोन शब्द बोलायला सुरुवात केली होती.

सेवेरीनोने खिशात हात घालून आणखी एक पांढरा गोटा काढला आणि सवयीने बाहीला पुसला.

"गेल्या मंगळवारीसुद्धा अंगठी फिरली, ओत्ताविया," तो म्हणाला.