डावा हात

विमलबाईंनी दीपमालाच्या कपाळाला कुंकू लावलं ते अंगठ्यानं.

मुकुट मध्ये येतोय म्हणून असेल, असं दीपमालाला वाटलं. मग तिचं लक्ष हाताकडं गेलं. अंगठ्याशेजारचं एक बोट होतं आणि थेट करंगळी. मधली दोन नव्हतीच.

"कधी झालं हे?"

"गौरीच्या हप्त्यात, हितंच मशीनवर," विमलबाई म्हणाल्या, जशा काही गावाला जाऊन आल्या. "तू हस गं बाई. फोटो काढायलेत."

दीपमाला हसली. हसणं आता जमतं तिला. मिस इंद्रायणी होऊन तीन आठवडे झाले, तेवढ्यात एक जिम, दोन पार्लर आणि मोशीतलं एक चिकन सेंटर तिच्या हातनं उघडून झालं होतं. आज खंडेनवमी. भोसरीतल्या ह्या वर्कशॉपात सगळी प्रेस मशीनं धुऊनपुसून, झेंडूच्या माळा घालून उभी केलेली. फरशीवरचं ऑइल तेवढं काही केल्या जात नाही. तिच्या उंच टाचा सारख्या सरकत होत्या. मुकुटाचे दात टाळूत रुतत होते. खांद्यावरचा पट्टा घसरायचा, ती वर ओढायची, तो परत घसरायचा. खुर्ची दिली तर बसवेना, उठली तर उभं राहवेना.

दोन नंबरच्या मशीनपाशी तिची आई उभी होती. ह्याच मशीनवर काम करते सोजराबाई. ठेवणीतली साडी, वर कंपनीचा ॲप्रन, आणि दोन्ही हात पदराखाली.

"या मॅडम, या!" दौलतराव शेठ पुढं झाले. गेल्या वर्षी हीच पोरगी आईचा डबा घेऊन आली की म्हणायचे, 'ए, गेटवरच थांब.' "मुहूर्ताचा पहिला जॉब, पहिला नग, तुमच्या हातनं. तोही आईच्याच मशीनवर. काय योग म्हणायचा!"

सोजराबाईनं पत्र्याची पट्टी प्रेसखालच्या साच्यावर, डायवर ठेवली आणि हात परत पदराखाली घेऊन बाजूला झाली.

"हे उजवीकडचं हिरवं बटण दिसतंय? तेवढंच दाबायचं. डावा हात असा वर, कॅमेऱ्याकडं. हलवायचा. आता तुम्हाला काय शिकवायचं!"

सगळे हसले. दीपमालाचा डावा हात सवयीनं वर गेलासुद्धा. मनगटातनं हलवायचा, खांदा हलू द्यायचा नाही, असं शिकवलेलं.

मग तो हात खाली आला. डावीकडंही एक बटण असतं, हे तिला आईनंच सांगितलं होतं. दोन्ही बटणं दाबल्याशिवाय प्रेस खाली येत नाही. दोन्ही हात बटणावर, म्हणजे डायखाली एकही नाही. ज्यानं कुणी मशीन बनवलं, त्यानं एवढा विचार केला होता.

डाव्या बाजूला माळ जरा जास्तच गच्च बांधली होती. तिनं ती उचलली. खाली बटण आत दाबून वरनं काळी टेप मारलेली.

"हे काय?"

"ती आमची घरगुती ॲडजस्टमेंट," दौलतराव हसले. "दोन-दोन हातांनी दाबत बसलं तर माल निघायचा कधी? एक हात बटणावर, एक हात पत्र्यावर. फटाफट."

"कुणी लावली?"

विमलबाई हातातल्या ताटाकडं बघत राहिल्या.

"मीच," सोजराबाई म्हणाली. "माले, राहू दे. तू जाशील घरला. मला हितंच उभं राहायचंय."

दीपमालानं टेपेखाली नख घातलं. नकली नख, गुलाबी, वर खडा बसवलेला. तट्‌कन तुटलं आणि उडून पत्र्यावर पडलं. तिनं दुसरं घातलं. टेप चर्रकन निघाली, बटण टुपकन वर आलं.

"मॅडम, हात! हात हलवा ना, व्हिडिओ चालूय!" दौलतराव ओरडले.

"हात मोकळा नाही, शेठ."

टेप मुठीत धरून तिनं दोन्ही बटणं दाबली.

धाड्!

पायाखालची फरशी हादरली. मुकुट एका कानावर आला. प्रेस वर गेली तेव्हा चकचकीत जॉबच्या मधोमध चिमूटभर गुलाबी भुगा होता. खडा कुठला आणि नख कुठलं, काही कळत नव्हतं.

टाळ्या वाजल्या. नारळ फुटला. "मॅडमनी रूल पाळला बरं का!" दौलतराव सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. मग सोजराबाईच्या जवळनं जाताना हळूच, "पोरीला जरा समजाव."

सुपरवायझर रविराज मोबाईल घेऊन समोर आला. "एक फोटो मायलेकींचा! काकू, तो मुकुट नीट करा आधी."

सोजराबाईनं पदराखालचे हात बाहेर काढले. लेकीच्या केसांत घालून मुकुट सरळ करू लागली. ओठ न हलवता म्हणाली, "झालं मनासारखं? आता ती टेप कुठं टाकू नको, परत लागंल ती. दसरा झाला की पहिली शिफ्ट हाय माझी."

"मॅडम, इकडं बघा! स्माईल!"

दीपमाला हसली. हसता हसता केसांत फिरणारी आईची बोटं तिनं मोजली. मग परत एकदा मोजली. दहा होती.

मूठ मात्र तिनं उघडली नाही.