दोन्हीकडचं रक्त

चन्नबसम्मा खुर्चीच्या अगदी कडेला टेकली होती, उठून पळायची सोय ठेवून. पळणार कुठं म्हणा! एका बाजूला लेक बसवेश्वर, दुसऱ्या बाजूला सून शिवानी, आणि समोर परभणीच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई. आज निकाल होता. दवाखान्यात तयार केलेले गर्भ शिवानीच्या पोटात ठेवण्याआधी तपासायला मोठ्या शहरात पाठवले होते. एक तरी चांगला निघाला, तर घरात पुन्हा पाळणा हलणार होता. न्हाई निघाला तर? पुढचा विचार करायची तिची छाती झाली नाही.

शिवानी नुसती सून नव्हती, सख्ख्या भावाची लेक होती. भाऊ-भावजय एकाच अपघातात गेले तेव्हा ही एकुलती पोर बारावीत होती. चन्नबसम्मानं तिला ताडकळसला आपल्या घरी आणलं, पुढं शिकवलं आणि वेळ आल्यावर सरळ आपल्याच लेकाला करून घेतलं. मामाची पोरगी, हक्काची. सगळ्या भावकीनं वाहवा केली. परक्या घरात हिला कुणी छळलं तर जाब विचारायला बाप न्हाई, एवढंच तेव्हा चन्नबसम्माच्या मनात होतं.

मग गुरुपाद झाला. वर्षाच्या आतच लेकरू पांढरंफटक पडायला लागलं. थॅलेसेमिया. अंगात रक्त टिकत नव्हतं, सारखं दुसऱ्याचं चढवावं लागायचं. पाचव्या वर्षी गेलं बिचारं. आईकडून आणि बापाकडून, दोन्हीकडून दोष आला तरच असं होतं, असं नांदेडच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं आणि लगेच विचारलं होतं, "नात्यात लग्न आहे का?" ते विचारणं म्हातारीच्या काळजात रुतलं ते रुतलंच. एकाच रक्ताचे दोघं जण, आणि त्यांना एकत्र आणलं कुणी? शेजारच्या राजेश्रीनं तर एकदा तोंडावर म्हणून दाखवलं, "लय घाई केली बगा काकू तुमी." शिवानी मात्र कधी एका शब्दानं बोलली नाही. तेच म्हातारीला खायचं. पोर भांडली असती, चार शिव्या घातल्या असत्या, तर जरा मोकळं तरी वाटलं असतं.

तपासणीसाठी नवरा-बायकोचं रक्त घेतलं त्या दिवशी शिवानी आत डॉक्टरीणबाईंशी बराच वेळ बोलत बसली आणि बाहेर येऊन म्हणाली, "आत्या, तुमचंबी रक्त द्यायचंय." झालं. चन्नबसम्मानं काय ते ओळखलं. पोरगी बोलत नव्हती, पण विसरली नव्हती. आता पुरावाच काढायलेत. तिनं मुकाट्यानं हात पुढं केला, बेड्या घालायला करावा तसा. तेव्हापासून तिला अन्न गोड लागलं नव्हतं. इष्टलिंगाच्या पूजेला बसली तरी चित्त ठिकाणावर राहत नव्हतं.

"काही गर्भ आजारी निघाले," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण दोन चांगले आहेत. अगदी निरोगी. त्यातला एक पुढच्या महिन्यात ठेवू."

शिवानीनं ओढणी तोंडाला लावली. बसवेश्वर एवढा आडदांड गडी, पण लहान पोरासारखा हुंदके द्यायला लागला. चन्नबसम्माचाही ऊर भरून आला, खोटं कशाला बोला! पण त्या आनंदाच्या मागोमाग जुना घोर आलाच. आज विचारलं नाही तर हा मेल्यावरच सुटायचा, असं तिला वाटलं.

"बाई, खरं सांगा. दोष माझ्याच रक्तात हाय न्हवं?"

"आहे," डॉक्टरीणबाई सरळच म्हणाल्या. "तुमच्यात आहे, तुमच्या भावातही होता. तुमच्या आईकडून नाहीतर वडिलांकडून आला असणार. त्यात तुमचा काय गुन्हा?"

"मग माझं रक्त कशापायी घेतलं?" चन्नबसम्माचा आवाज चिरकला. "ह्यांना दाखवायलाच ना, की हे सगळं म्हातारीमुळं झालं म्हणून?"

शिवानी ओढणी खाली घेऊन बघतच राहिली. डॉक्टरीणबाईंनी खुर्ची पुढं ओढली.

"आजी, एवढ्याशा गर्भात दोष उतरलाय की नाही, हे नुसतं बघून कळत नाही. त्यासाठी घरातल्या मोठ्या माणसाच्या रक्तातल्या खुणा लागतात. आईकडच्या आणि बापाकडच्याही. गुरुपाद असता तर त्याच्या रक्तावरून जमलं असतं. बसवेश्वरकडून तुम्ही होता. पण शिवानीला ना आई-वडील, ना भाऊ-बहीण. तिच्या बाजूनं रक्त द्यायला कुणीच नाही, म्हणून मी तर सांगितलं होतं की आपल्याकडून हे व्हायचं नाही. मग कळलं, तुमचं रक्त तिच्याही बाजूनं चालतं. त्या दोषाजवळच्या तुमच्या भावाच्या आणि तुमच्या खुणा एकच. दोन्हीकडचं काम तुमच्या एकटीच्या रक्तावर झालं. हे दोन चांगले गर्भ त्यावरूनच ओळखले आम्ही."

चन्नबसम्मा सुनेकडं वळली. "आगं, मग तवाच सांगितलं का न्हाईस मला?"

"त्यात काय सांगायचं, आत्या?" शिवानी म्हणाली. "डॉक्टरीणबाईंनी विचारलं, तुमच्या माहेरचं कुणीच न्हाई का. मी म्हणलं, हाय की, बाहेर बाकड्यावर बसलंय."