पाचवा नमुना

"नळाला चिकटपट्टी लावलीस?"

"लावली, सर."

"टाकीत निळा रंग?"

"टाकला. साबण बाहेर काढला, कचऱ्याची बादलीही."

मास्तरांनी शौचालयाचं दार उघडून स्वतः पाहिलं. भांड्यातलं पाणी दौतीतल्या शाईसारखं निळं होतं. कुणी ते पाणी नमुन्यात मिसळलं तर लगेच उघडं पडावं, म्हणून हा खटाटोप. त्यांनी समाधानाने मान डोलावली.

कंपनीतल्या लोकांची नशेची तपासणी होई, त्यासाठी लघवीचे नमुने घेणारी माणसं मास्तर तयार करत. सव्वीस वर्षं हेच काम. आता आठ महिन्यांनी निवृत्ती. प्रमाणपत्र हवं तर सरावाचे पाच नमुने ओळीने बिनचूक घ्यायचे. एक चूक, की पुन्हा पहिल्यापासून. या तुकडीतले सहा जण केव्हाच गळाले. उरली ती ही एकटी. तिशीची, मोजकं बोलणारी. दोनदा चौथ्या नमुन्यावर घसरली, दोनदा खाली मान घालून पहिल्यापासून उभी राहिली. आता चार झाले होते. आज पाचवा. चुकला तर मास्तर तिसऱ्यांदा उभं राहू देणार नव्हते.

"घाबरलीस?"

"हात गार पडलेत, सर."

"अगं, मी काय वाघ आहे?" मास्तरांनी टेबलावरचं प्रमाणपत्र पुढे ओढलं, झोकात सही ठोकली, तारीख घातली, सवयीने वेळही घातली. दहा वाजून पाच मिनिटं.

"आधीच सही? तुम्हीच सांगता, बाटली हातात आल्याशिवाय चिठ्ठीवर सही करायची नाही."

"तो नियम बाटलीचा. माणूस मला नुसता बघून कळतो. घे, आता धीर येईल. आजपासून तू पक्की. कंपनीत कुणाचाही नमुना माग, शिपायाचा माग नाहीतर साहेबाचा, कुणी नाही म्हणू शकत नाही. मीच करून घेतलाय तो नियम."

मास्तरांचा नमुना मागायची मात्र सव्वीस वर्षांत कुणाची छाती झाली नव्हती.

तिने प्रमाणपत्र घडी न घालता पिशवीत ठेवलं.

पहिले चार नमुने म्हणजे रंगीत पाणी. पाचव्याला मास्तर पाण्याचा खेळ करत नसत. भांड्यावरची तापमानाची पट्टी गार पाण्याला दाद देत नाही, मग शिकणाऱ्याला कळणार काय? म्हणून पाचव्याला ते स्वतः कामगार होत आणि खराखुरा नमुना देत. सगळं नीट पार पडलं की तो शौचालयात ओतायचा, आणि वर चहा.

"खिसे रिकामे करा," ती म्हणाली.

किल्ल्या निघाल्या. रुमाल, चष्मा. शेवटी गोळ्यांची एक पट्टी, चार उरलेली.

"आमच्या हिच्या आहेत," मास्तर म्हणाले. "ऑपरेशननंतर डॉक्टरांनी दिल्या होत्या. माझे गुडघे धरले की मीही एखादी ढापतो. सकाळीच एक पोटात गेलीये." त्यांनी डोळा मिचकावला. "बोल, आता काय विचारशील?"

"काही नाही. औषधाबद्दल आपण विचारत नाही."

"शाबास! पूर्वी एक ट्रकड्रायव्हर आला होता. सील लागलं आणि मग गड्याला आठवलं, कंबर धरली म्हणून आईची गोळी घेतली होती. हीच असेल बघ. तपासणीत ती अफूसारखी दिसते, आणि गोळी दुसऱ्याच्या नावाची, म्हणजे नशाच ती. माझे पाय धरले त्याने. साहेब, बाटली परत द्या. मी म्हटलं, बाबा रे, सील लागलेली बाटली म्हणजे सुटलेला बाण."

"मग?"

"मग काय, गेली नोकरी. पण मी काही विचारलं नाही, काही ऐकलंही नाही. असं कोरडं राहायचं, बाळा. हाताला मोजे तसे मनालाही."

"लक्षात ठेवीन, सर."

तिने सगळं लॉकरमध्ये ठेवलं, कुलूप लावलं, किल्ली त्यांच्या हातात दिली. अगदी नियमाप्रमाणे.

ते भांडं घेऊन बाहेर आले तेव्हा तिने आधी घड्याळ पाहिलं, मग भांड्यावरची तापमानाची पट्टी. हिरवा ठिपका उठला होता. त्यांच्या डोळ्यांसमोर तिने नमुना दोन बाटल्यांत ओतला, झाकणांवर सील लावली, सीलवर त्यांच्या सह्या घेतल्या. मास्तरांचा ऊर भरून आला.

"फॉर्म वाचून सही करा."

"कामगार कधी वाचतो का?" चष्म्याशिवाय डोळे बारीक करत मास्तर हसले. "शंभरातले नव्वद डोळे मिटून ठोकतात." आणि त्यांनीही ठोकली.

तिने एक प्रत फाडून त्यांना दिली. ते लॉकर उघडायला बोळकांडीत गेले. गुडघा कुरकुरत होता. त्यांनी सावकाश खिसे भरले. बाहेर रोजची साडेदहाची मोटरसायकल सुरू होऊन लांब गेल्याचा आवाज आला.

"बिनचूक!" आत येत ते म्हणाले. "आण ती बाटल्यांची पिशवी, ओतून टाकू."

"कुरिअरवाला प्रयोगशाळेत घेऊन गेला."

"चेष्टा पुरे."

ती नळाकडे वळली. मास्तरांनी चष्मा चढवला आणि हातातली प्रत पाहिली. 'सराव' असा लाल शिक्का असायचा तिथे कोरा कागद होता. नाव त्यांचं. कारण, अचानक तपासणी. वेळ, दहा वाजून वीस मिनिटं. खाली तिची सही आणि प्रमाणपत्राचा क्रमांक.

"अगं, फोन लाव त्याला!" मास्तरांचा आवाज चिरकला. "परत बोलाव! बाळा, माझे आठ महिने..."

ती नळाची चिकटपट्टी सोलून काढत होती, एका टोकापासून, न फाडता.

"सील लागलेली बाटली म्हणजे सुटलेला बाण," ती म्हणाली. "माझ्या दादाला तुम्ही हेच सांगितलं होतं, सर."