डाव्या बाजूचं चाक

दवाखान्यातून फोन आला तेव्हा मास्तर एका कोटाला बाही लावत होते. पलीकडचा माणूस "ताबडतोब या" एवढंच म्हणाला. त्याच्या आवाजावरूनच मास्तरांना काय ते कळलं. खाली बायकोच्या गॅरेजमध्ये तिची जुनी गाडी बोनेट उघडं टाकून उभी होती. सकाळी छातीत कळ आली तेव्हा बायको, साऱ्या गल्लीची मिस्त्रीणबाई, त्याच गाडीच्या इंजिनात डोकं घालून उभी होती.

बायको गेली आणि त्यानंतर गाडी जागची हलली नाही. उभ्या उभ्या डाव्या बाजूच्या पुढच्या चाकाचा ब्रेक आतून जाम झाला.

आज तिला गिऱ्हाईक आलं होतं. जुन्या गाड्यांचा नवानवा नाद लागलेला एक तरुण. गॉगल कपाळावर, पांढरा शर्ट, आणि उत्साह असा की आल्या आल्या त्याने गाडीच्या टपावरून हात फिरवून घेतला.

"काका, आज संध्याकाळपर्यंत मिळाली तर माझी. नाहीतर दुसरीकडे एक बघून ठेवलीय, तिचा मालक थांबणार नाही."

"मिळेल की," मास्तर म्हणाले. "चाक निघालं, ब्रेक सोडवला, की ढकलत न्या."

चिमीने बाह्या वर सारल्या. मास्तरांची ही लेक आईच्या हाताखाली तयार झालेली. बंद पडलेलं गॅरेज तिला पुन्हा चालवायचं होतं, आणि गॅरेजात एकाच गाडीची जागा होती. गिऱ्हाईकही तिनेच शोधलं होतं.

तिने पाचही नटांवर तेल सोडलं, थोडा वेळ मुरू दिलं, आणि पाना लावला. नट ढिम्म.

"डावीकडेच फिरवायचं ना?" गॉगलवाल्याने विचारलं. "मी व्हिडिओ बघितलेत."

"मग आम्हाला कशाला विचारता?" चिमी पान्यावरची नजर न काढता म्हणाली. "लावा हात."

त्याने हात लावला. जीव खाऊन डावीकडे ओढलं. पाना निसटला आणि तो मागच्या टायरांच्या ढिगावर जाऊन बसला.

"लागलं का हो?" मास्तर धावले.

"नाही नाही. पुन्हा."

आता त्यालाही चेव चढला. शर्ट काढून त्याने बनियनवर काम सुरू केलं. चिमीने गॅसची बत्ती पेटवून नट तापवला. तेलाचा धूर झाला, तिघंही खोकले. मास्तर माळ्यावर चढले आणि पुरुषभर लांबीचा लोखंडी पाइप घेऊन उतरले.

"हा घाला पान्याच्या दांड्यावर. जोर वाढतो म्हणे. मी शिंपी माणूस, मला बटणं काढता येतात फक्त."

"बाबा, नट बसतो तो स्टडच तुटेल हं," चिमी म्हणाली.

"तुटला तर तुटला. एकदाची जाऊ दे गाडी."

चिमीने एकदा त्यांच्याकडे पाहिलं. मग पाइप चढवला.

तिघांनी मिळून पाइप धरला. "एक, दोन, हं," असं मास्तर ओरडायचे आणि तिघंही लोंबकळायचे. एकदा कर्रर्र आवाज झाला. नट केसभर हलला.

"हलला! काका, हलला!" गॉगलवाला नाचायचाच बाकी होता.

"मी सांगत नव्हते?" चिमी म्हणाली. "आता दुसरा घेऊ."

दुसराही केसभर हलला. तिसराही. प्रत्येक वेळी तिघं लहान मुलांसारखे हरखायचे, आणि त्यानंतर नट जो रुतून बसायचा तो हातोडीलाही दाद द्यायचा नाही. जेवणाची वेळ टळून गेली, कुणाला भान नव्हतं. मास्तरांच्या चष्म्यावर तेलाचे थेंब उडाले होते आणि ते कित्येक महिन्यांनी मोठ्याने हसत होते. शेवटच्या नटाला तर पाइपच वाकला.

ऊन भिंतीवरून उतरलं तेव्हा गॉगलवाल्याने हात टेकले. तळव्यांवर फोड आले होते.

"काका, मजा आली. पण ही गाडी तुम्हाला सोडायची नाही म्हणते. मी दुसरी घेतो."

"वाईट वाटलं हो," मास्तर म्हणाले. "पाणी तरी पिऊन जा."

तो पाणी प्यायला, शर्ट खांद्यावर टाकला आणि गेला. त्याची पावलं गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू आली.

चिमी चिंधीने हात पुसत होती. एकच बोट कितीदा पुसावं तिने.

"तुझी जागा अडली बघ," मास्तर म्हणाले. "गॅरेज चालू करायचं म्हणालीस, म्हणून मी गाडी विकायला हो म्हटलं."

"जागेचं काय, बाहेर पत्रा टाकून काम केलं असतं. तुम्ही रोज संध्याकाळी तिच्यात जाऊन बसता, जेवायला हाका माराव्या लागतात. मला वाटलं, समोर नसली तर सुटाल."

"असं होय."

"बाबा, एक सांगू? रागावणार नाही ना?"

"सांग."

"आईच्या गाडीला डाव्या बाजूचे आटे उलटे आहेत. जुन्या गाड्यांत असायचे तसे. उजवीकडे फिरवले की सुटतात. तो न्यायला आला आणि मलाच ती देववेना. दिवसभर मी तुम्हा दोघांकडून नट आवळून घेतले."

मास्तरांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला आणि पुन्हा लावला.

"ठाऊक आहे. लग्नानंतर पहिल्यांदा टायर बदलताना मी अशीच चूक केली होती. तुझी आई रस्त्याच्या कडेला बसून पोट धरून हसली होती. म्हणून तर आज मोठ्यातला मोठा पाइप शोधून आणला."

त्या चाकाचा एकही नट सोडवायला अजून कुणी सुरुवात केली नव्हती.