अंकिताच्या पुढचं नाव

टॉवेलाच्या काठावर ‘अंकिता’ उमटलं, की लॅपटॉप मान टाकायचा.

माग मात्र थांबायचा नाही. खडखड खडखड करत पुढचा काठ कोराच विणायचा. टॉवेल पुरा होऊन खाली उतरायचा, त्यावर ‘चि. सौ. कां. अंकिता’, आणि त्यापुढं काहीच नाही. ‘चि. दिग्विजय’ मागाला अक्षरं पुरवणाऱ्या लॅपटॉपच्या पोटातच राहायचा. असे पन्नास टॉवेल रेवणप्पाच्या कारखान्यात गठ्ठा बांधून पडले होते आणि लग्न परवावर आलं होतं.

मुलीचा बाप धोंडीराम वळसंगहून टेम्पो घेऊन आला होता. बायको रंभाबाई बरोबर होती. नवऱ्या मुलाकडच्या पन्नास मानकऱ्यांना टोपी-टॉवेलाचा आहेर करायचा होता. मुलीकडची ऑर्डर, म्हणून मुलीचं नाव आधी.

“पयल्याच टॉवेलाला दिसलं न्हाय व्हय तुला?” धोंडीरामनं रेवणप्पाला विचारलं.

“दिसलं की ओ अण्णा. म्हटलं, दुसऱ्याला येईल.”

“आन दुसऱ्याला?”

“म्हटलं, तिसऱ्याला तरी येईल.”

“असं म्हणत पन्नास?”

“आशा लई वाईट असती, अण्णा.”

धोंडीरामनं कपाळावर हात मारला. “आमचा व्याही मांडवात पयला टॉवेल उलगडणार. पोराचं नाव न्हाय म्हटल्यावर भरल्या ताटावरनं उठतोय बघ. साखरपुड्यात इडा उशिरा दिला म्हणून रुसलेला माणूस त्यो!”

रेवणप्पानं पुन्हा लॅपटॉपला हात घातला. त्याच्याच पोराच्या कॉलेजातला, नऊ वर्षांचा लॅपटॉप. त्यानं बटण दाबून धरलं आणि तीसपर्यंत मोजलं. बॅटरी काढली, लुंगीला पुसली, परत बसवली. पडदा उजळला, गोल फिरला, विझला.

“बैल बसला की आमी शेपूट पिळतो,” धोंडीराम म्हणाला. “ह्याची कुटं असती?”

“वायर हाय की. ती पण पिळून बघितली.”

रंभाबाई पुढं झाली, लॅपटॉपच्या पोटाखाली तळवा घातला आणि झटकन मागं घेतला. “आवं, तवा तापलाय की ह्यो!”

तिनं तो पालथा केला. पंख्याच्या फटी सुताच्या भुग्यानं गच्च बुजल्या होत्या. मागाशेजारी बसून बसून त्यानं कारखान्याचा सगळा कापूस ओढून घेतला होता.

“रेवणप्पा, जित्या जिवाच्या नाकात कापूस घातलाय की वो तुमी.”

अंबाड्यातला आकडा काढून तिनं फटीत घातला. ओढलं तशी आधी वातीएवढी, मग वेणीएवढी पांढरी दोरी बाहेर आली.

लॅपटॉप सुरू झाला. माग खडखडला. ‘अंकिता’ उमटलं. ‘चि.’ आलं. मग ‘दि’ आला, ‘ग्वि’ आला. एक्कावन्नावा टॉवेल दोन्ही नावं घेऊन उतरला, तसे धोंडीरामनं मागाला हात जोडले.

“आता असलंच पन्नास काढ.”

“पन्नासाला चार दिवस लागतेत, अण्णा. तुमचं लग्न परवा हाय.” रेवणप्पानं लॅपटॉप बंद व्हायला सोडला आणि घाम पुसला.

धोंडीराम गठ्ठ्यावर मटकन बसला.

रंभाबाई त्याच्यासमोर उभी राहिली. “आपल्या लग्नातल्या घागरीवर काय कोरलंय?”

“आता घागरीचं काय मधीच?”

“सांगा की.”

“माजं नाव. धोंडीराम.”

“ताटावर?”

“धोंडीरामच.”

“परातीवर माज्या मामाचं. तीस वर्सं घासतीया मी. पुसट झाली तरी वाचता येत्यात. माजं नाव कशावर हाय?”

धोंडीरामनं बुडाखालच्या गठ्ठ्यातला एक टॉवेल ओढून काठ बघितला.

“तवा आमच्याकडलं कोण उठलं व्हतं का ताटावरनं?”

तेवढ्यात रेवणप्पा ओरडला. लॅपटॉप बंद होत नव्हता. पडद्यावर ‘बंद होत आहे’ असं लिहून गोल गोल फिरत होतं आणि तो शेवटच्या नावाला चिकटून बसला होता. माग तेच नाव विणत सुटला होता. दिग्विजय, दिग्विजय, दिग्विजय. रेवणप्पानं बटण दाबून तीस मोजले, चाळीस मोजले. शेवटी धावत जाऊन मागाचं हँडलच ओढलं. तोवर सात हात कापड उतरलं होतं, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसता नवरदेव.

“आता ह्याचं काय करू?” रेवणप्पा रडकुंडीला आला.

“कापू नगा,” रंभाबाई म्हणाली. “पन्नास हायेत तसंच वाटू. दोन नावांचा जावयाला. आन ह्यो व्याह्यांना द्या. म्हणावं, पन्नासांतलं ऱ्हायलेलं समदं ह्यात आलंय.”

धोंडीरामनं कापडाची लांबी डोळ्यांनी मोजली. ओठ घट्ट दाबून बघितले, पण हसू फुटलंच. “त्यांच्या पोटाला एक येढा बसंल बी.”

मग तिघंही हसत सुटले. लॅपटॉप बंद होतच राहिला.

टेम्पोत माल चढवताना धोंडीरामनं गठ्ठ्यातले टॉवेल मोजले. पुन्हा मोजले.

“आगं, एकोणपन्नासच भरत्यात. एक कुटं गेला?”

रंभाबाई कधीच पुढं जाऊन बसली होती. गडीमाणसं टाकतात तसा एक टॉवेल तिच्या खांद्यावर होता, नाव बाहेरच्या अंगाला.