लढाईचं रीळ

सेनापतींनी तलवार उपसली, बुरुजावर उभं राहून दणदणीत भाषण ठोकलं, आणि पुढच्याच क्षणी ते गळ्यात हार घालून हत्तीवर बसलेले दिसले. चाकणच्या सिनेमाच्या तंबूत शिट्ट्या वाजल्या. मधली लढाई गेली कुठं, हे कुणाला कळेना.

लढाई तळेगावात होती. एकच सिनेमा दोन तंबूंत चाले. तिकडं संपलेलं रीळ सायकलवरून इकडं येई. तळेगावकरांना लढाई इतकी आवडली होती, की ते ती पुन्हा पुन्हा लावायला सांगत. रीळ काही निघेना.

ज्योतीराम गुरुजींचं त्यावाचून काही अडलं नाही. ग्रामरक्षक दलाच्या तरुणांना युद्धातलं नेतृत्व शिकवायचा त्यांनी विडा उचलला होता. पुस्तक उघडलं की पोरं घोरायची, म्हणून सिनेमा. रोज संध्याकाळी ते पोरांना तोच खेळ दाखवत. रोज भाषण, रोज हत्ती.

"नेता म्हणतात तो असा!" गुरुजी सांगत. "लढाई काय, तपशील आहे."

पोरांनी ते मनावर घेतलं.

अशात एका भर दुपारी गवराबाईच्या कडब्याच्या गंजीनं पेट घेतला. बाई एकटी. दोन बैल आणि ती गंजी, एवढाच तिचा संसार. गंजी गेली, तर पावसाळ्याआधीच बैल बाजारात उभे करायचे. दलाची पोरं धावत आली आणि गुरुजींच्या तोंडाकडं बघत राहिली. गुरुजींचा ऊर भरून आला. हीच ती वेळ! ते विहिरीच्या काठावर चढले.

"मर्दांनो! आज संकट आपल्या वेशीशी येऊन ठेपलं आहे..."

"आवं गुरुजी, खाली उतरा! पानी वढायचंय!" गवराबाई ओरडली.

गुरुजींनी हात वर करून तिला शांत राहायची खूण केली. शेवटी बायाच पलीकडच्या काठावरून पाणी ओढू लागल्या. हंड्यामागून हंडे ओतले. पोरं हाताची घडी घालून भाषण ऐकत होती. भाषण संपलं तेव्हा आग विझली होती आणि अर्धी गंजी राख झाली होती.

दलाचा म्होरक्या भैरू देवळातल्या मारुतीच्या गळ्यातला हार घेऊन पळत आला. गुरुजींची नजर गवराबाईच्या भाजलेल्या तळहातांवर पडली. क्षणभर त्यांना लाज वाटली, अगदी मनापासून वाटली. मग त्यांनी मान पुढं केली.

गावात हत्ती नव्हता. पोरांनी गवराबाईचेच बैल गाडीला जुंपले. तिला विचारायचं कुणाला सुचलं नाही. मिरवणूक वेशीपाशी आली, तेव्हा तंबूचा मालक पत्र्याचा डबा डोक्यावर घेऊन धापा टाकत समोर आला.

"गुरुजी, लढाईचं रीळ आलं! आज पोरांना फुकट दाखवतो."

गुरुजींनी गळ्यातला हार नीट केला.

"आता कशाला?" ते म्हणाले. "पोरं शिकली."