बंद गाण्याचा ठेका

टॅक्सीच्या डिकीतलं गाणं मधेच थांबलं, तरी मिस्त्री मान डोलवतच राहिले.

एक हात डिकीच्या पत्र्यावर, बोटांचा ठेका चुकत नव्हता. कित्येक वर्षं गाडीत बसवलेल्या प्रत्येक स्पीकरचा आवाज ते याच गाण्यावर तपासत आले होते. ते त्यांना तोंडपाठ होतं. त्यांच्या पाठीमागे ॲम्प्लिफायरवर लाल दिवा लागला होता. टॅक्सीवाल्याने आधी मिस्त्रींकडे पाहिलं, मग त्यांच्या लेकीकडे.

लेकीला एकदम उलगडा झाला. हल्ली हाक मारली तर ओ यायची नाही. तिला वाटायचं, बाबा कामात बुडालेत.

"बाबा तपासताहेत," ती टॅक्सीवाल्याला म्हणाली. "तुम्ही चहा घेऊन या, तोवर होतंच."

तो गेल्यावर तिने स्विच बंद केला. ॲम्प चांगलाच तापला होता. तिने वडिलांचा दंड धरून त्यांना आपल्याकडे वळवलं.

"बाबा, गाणं बंद आहे. मघापासून."

मिस्त्री तिच्या ओठांकडे बघत होते. पत्र्यावरची बोटं थांबली.

"कधीपासून ऐकू येत नाही?"

"थंडीपासून." त्यांनी पक्कड उचलली, पुन्हा खाली ठेवली. "धडधड हाताला कळते. तेवढ्यावर भागत होतं. टॅक्सीवाल्याला कळलं का गं?"

"नाही."

"पण माझी जोडणी चुकायची नाही. दोन सबवूफर, पॅरललमध्ये. जन्मभर हेच केलं."

"तेव्हाचे आठ ओहमचे असायचे. दोन मिळून चार व्हायचे. हे दोन-दोनचे आहेत बाबा, पॅरललमध्ये एकच उरतो. आणि या ॲम्पला चारच्या खाली झेपत नाही. तापतो आणि गप्प बसतो."

तिने एक सबवूफर काढून त्यामागचं लेबल त्यांच्यासमोर धरलं. त्यांनी चष्मा चढवला, आकडा वाचला आणि स्वतःवरच हसले.

"मग सिरीज."

"सिरीज. दोन नि दोन चार."

"बघतेस काय मग? जोड."

तिने वायर फिरवून घेतल्या. प्रत्येक स्क्रू त्यांनी बोटाने चाचपून पाहिला. गाणं सुरू झालं तेव्हा दोन्ही तळवे डिकीवर टेकवून ते डोळे मिटून उभे राहिले. टॅक्सीवाला आला, शेवटपर्यंत ऐकत थांबला. "हात आहे तो हात!" म्हणाला आणि खुशीत निघून गेला.

टॅक्सी वळणाआड गेली आणि लेकीला एकदम काहीतरी आठवलं. ती वडिलांच्या समोर आली.

"बाबा, परवा मी तुम्हाला एक विचारलं होतं. तुम्ही हो म्हणालात."

"दुकानाला रंग द्यायचं ना? देऊ की."

"लग्नाचं विचारलं होतं."

"कुणाच्या?"

"माझ्या!"

मिस्त्री स्टुलावर बसले. "आणि मी काय म्हणालो?"

"म्हणालात, करून टाक, आधीच फार उशीर झालाय."

"रंगाला झालाय गं!"

"मी त्याला कळवूनसुद्धा टाकलं."

हसता हसता दोघांची पुरेवाट झाली. मिस्त्रींनी चष्मा काढून डोळे पुसले, पुन्हा चढवला.

"अशी उजेडात उभी राहा. आता नीट विचार. कोण, कुठला, सगळं."

ती उजेडात उभी राहिली. ओहमचं गणित घडाघडा सांगणारी तिची जीभ आता जड झाली. त्याच्या नावापाशी तर आवाज फुटलाच नाही. नुसते ओठ हलले.

मिस्त्रींनी दोन्ही कानांवर हात ठेवले.

"अगं, ओरडतेस काय एवढी? ऐकलं मी. हो म्हणतोय."